फ्लशिंग मेडोजला जायचंय? आधी नकाशा बघा

गेल्या अंकात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंग मेडोज-कोरोना पार्कचा मी जाता जाता उल्लेख केला आणि त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकते. मी इथून जवळच, फॉरेस्ट हिल्सला राहते. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि संध्याकाळचं फिरणं बहुतेक याच बागेत होतं. त्यामुळे मतं जरा ठाम आहेत. पटली नाहीत तर खुशाल सोडून द्या.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा, सौ. ६४. जूनमध्ये तीन महिन्यांसाठी मुलाकडे जॅक्सन हाइट्सला येतोय. मुलगा-सून दिवसभर कामावर. सेंट्रल पार्क मागच्या खेपेला झालं. तुम्ही लिहिलेल्या बागेत आम्हाला दोघांनाच जाता येईल का? सौ.चे गुडघे दुखतात. आणि त्या लोखंडी गोळ्याखेरीज तिथे बघण्यासारखं काही आहे का? (नाशिक)

जाता येईल, आणि मुलाला सुट्टी काढायला लावू नका. फक्त सोमवार-मंगळवार टाळा. त्या दिवशी बागेतलं क्वीन्स म्युझियम बंद असतं आणि तुम्ही दोघांनी पहिल्यांदा तिथेच जायचं आहे. त्याचं दार सकाळी लवकर उघडत नाही, तेव्हा घरून जेवूनच निघा. प्रवेशासाठी ठरावीक तिकीट नाही. एक रक्कम सुचवलेली असते, आपल्याला जमेल ते द्यावं. कोणी वाकड्या नजरेने बघत नाही.

गुडघ्यांचं म्हणाल, तर जाताना टॅक्सीने थेट म्युझियमच्या दारात उतरा. जॅक्सन हाइट्सहून फार लांब नाही. ७ नंबरची गाडी स्वस्त आहे खरी, पण ती डोक्यावरून, खांबांवरून धावते. त्यामुळे १११ स्ट्रीट स्टेशनला जिना उतरायचा, तिथून चालत जायचं, मग हायवेवरचा पादचारी पूल ओलांडायचा. सौ. तिथेच थकतील आणि बाग बघायची राहून जाईल. ही बाग ८९७ एकरांची आहे, सेंट्रल पार्कपेक्षा थोडी मोठीच. ती ‘सगळी बघू’ म्हणणाऱ्यांना मी आधीच सांगते : नाही बघून होत.

आता म्युझियमच का? आत ‘पॅनोरमा’ नावाची एक चीज आहे. याच बागेत भरलेल्या १९६४च्या जागतिक प्रदर्शनासाठी अख्ख्या न्यूयॉर्क शहराची प्रतिकृती बनवली, पाचही बरोंची, म्हणजे शहराच्या पाचही विभागांची. १०० फुटांना १ इंच असं प्रमाण. ती ९,३३५ चौरस फूट जागा व्यापते आणि तिच्यावर ८ लाख ९५ हजार इमारती आहेत. एम्पायर स्टेट बिल्डिंग तुमच्या कोपरापर्यंतच्या हाताएवढीसुद्धा नाही. पूर्वी लोकांना खोट्या हेलिकॉप्टरच्या डब्यात बसवून शहरावरून फिरवायचे. आता कडेने उतरती वाट आहे, कठड्याला हात लावून हळूहळू चालता येतं. दिवे मंद होतात, शहरात रात्र होते, परत उजाडतं. लाग्वार्डिया विमानतळावरून बारक्या तारेवर एक विमान उडतं, पोचतं, पुन्हा उडतं. १९९२मध्ये प्रतिकृती दुरुस्त करून अद्ययावत केली. त्यामुळे तिथे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन्ही मनोरे अजून उभे आहेत. ते काढले नाहीत, आणि चांगलं केलं.

मी पाहुण्यांना नेते तेव्हा एक गंमत हमखास होते. आधी सगळे मॅनहॅटनकडे बघतात. मग कोणीतरी विचारतं, ‘आपलं घर कुठे?’ आणि शोध सुरू होतो. ७ नंबरची लाइन पकडायची, रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरून बोट फिरवत जायचं, हे जॅक्सन हाइट्स, ही ब्रॉडवे, हा वळसा. सोलापूरच्या एका मावशींना लेकीची इमारत सापडली तेव्हा त्यांनी कठड्यावर वाकून खालच्या रस्त्याची वळणं मोजली आणि म्हणाल्या, ‘अगं, म्हणजे देऊळ मागच्या बाजूला आहे होय! ही मला रोज उलटं सांगते.’ तुम्ही तीन महिने राहणार आहात. पहिल्याच आठवड्यात हा नकाशा डोक्यात बसला तर पुढे कुठेही एकट्याने जायची भीती मोडते. म्हणून आधी नकाशा, मग बाग.

याच इमारतीबद्दल आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या कित्येकांना माहीत नसते. ही इथेच भरलेल्या आधीच्या, १९३९च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधली. १९४६ ते १९५० या काळात संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा इथे भरत होती, कारण मॅनहॅटनचं मुख्यालय तयार व्हायचं होतं. पॅलेस्टाइनच्या फाळणीवर १९४७च्या नोव्हेंबरमध्ये मतदान झालं ते इथेच. आणि १९४६मध्ये, भारत स्वतंत्र व्हायच्या आधी, विजयालक्ष्मी पंडित भारताचं शिष्टमंडळ घेऊन आल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न त्यांनी मांडला. ब्रिटिश-दक्षिण आफ्रिकेचा विरोध असताना तो ठराव डिसेंबरमध्ये मंजूर झाला. त्याच बाई पुढे १९६२ ते १९६४ आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. शिष्टमंडळात मुंबईचे न्यायमूर्ती छागलाही होते. तुम्ही नाशिकचे, इतिहासाची आवड असणारच. तिथे उभं राहून हे आठवून बघा.

बाहेर पडलात की समोर तो गोळा. लोखंडी नाही हो, स्टेनलेस स्टीलचा आहे, नाव युनिस्फीअर. १४० फूट उंच, १२० फूट व्यास, युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने बांधलेला. देशांचे तुकडे भरीव आणि समुद्र रिकामे, त्यामुळे हिंदी महासागरातून पलीकडचं आभाळ दिसतं. भोवतीची तीन कडी म्हणजे उपग्रहांच्या कक्षा. भारत शोधायला थोडं फिरावं लागतं, तेवढं फिरा. सभोवार बाकं आहेत, बसा. उन्हाळ्यात कारंजी चालू असली तर मुलं भिजत असतात. बंद असली तर त्याच हौदात पोरं स्केटबोर्ड उडवतात. मला दोन्ही चालतं.

बस्स, एका दिवसाला एवढं पुरे. तळं, झू, बोटॅनिकल गार्डन दुसऱ्या दिवशी. बोटॅनिकल गार्डनचं दार तर वेगळ्याच बाजूला, फ्लशिंगच्या मेन स्ट्रीटवर आहे. एकाच दिवसात दोन्ही उरकायचा घाट घालू नका.

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो. ७ आणि ११ वर्षांची दोन मुलं आहेत. शनिवारी गाडी घेऊन आलो तर दिवस कसा घालवावा? (न्यू जर्सी)

निघण्याआधी मेट्स या बेसबॉल संघाचं वेळापत्रक बघा. बागेच्या उत्तर टोकाला सिटी फील्ड हे बेसबॉलचं स्टेडियम आहे. घरच्या मैदानावर सामना असेल त्या दिवशी पार्किंग शोधण्यात मुलांचा आणि तुमचा, दोघांचाही मूड जाईल. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बागेतच होणाऱ्या यूएस ओपन टेनिसमुळे तीच गत.

गाडी पश्चिमेला, १११ स्ट्रीटच्या बाजूला आणा. तिथे न्यूयॉर्क हॉल ऑफ सायन्स आणि झू अगदी शेजारी आहेत. हॉल ऑफ सायन्सच्या दारात ॲटलास आणि टायटन अशी दोन खरी रॉकेटं उभी आहेत. तुमच्या ११ वर्षांच्याला सांगा, जॉन ग्लेन अवकाशात गेला तो ॲटलासवर बसून. आतला ग्रेट हॉल मात्र मुलांनी धावत ओलांडण्याआधी तुम्ही थांबवा. नागमोडी उंच भिंती, त्यात गडद निळ्या काचांचे तुकडे बसवलेले, दुपारचं ऊन पडलं की सगळं निळं होतं. बाकी प्रयोग, चुंबकं, साबणाचे फुगे वगैरे मुलं आपापली शोधतात.

झू लहान आहे आणि तोच त्याचा गुण. ब्रॉन्क्सच्या झूसारखी दमछाक नाही. इथे मुख्यतः अमेरिका खंडांतले प्राणी : प्यूमा, अँडीज पर्वतातलं डोळ्यांभोवती चष्मा असलेलं अस्वल, सी लायन. वाघ-सिंहाचा हट्ट धरणाऱ्या ७ वर्षांच्याला आधीच समजावून ठेवा. पक्ष्यांचं घर म्हणजे अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलरच्या पद्धतीचा त्रिकोणी जाळीचा घुमट. तोही १९६४च्या प्रदर्शनातून उरलेला.

मग पूल ओलांडून युनिस्फीअरच्या बाजूला जा आणि मुलांना एक काम द्या : जमिनीत बसवलेला एक गोल दगड शोधायचा, ज्याखाली काळकुप्या, म्हणजे टाइम कॅप्सूल पुरल्या आहेत. एक १९३८मध्ये, दुसरी १९६५मध्ये. दोन्ही उघडायच्या आहेत ६९३९ साली. पहिलीत आइन्स्टाइनने भावी माणसांना लिहिलेला संदेश आहे. माझ्या शेजारच्या मुलीने हे ऐकून विचारलं होतं, ‘पण तेव्हा किल्ली कोणाकडे असेल?’ मला उत्तर देता आलं नाही.

एप्रिल ते ऑक्टोबरमधला शनिवार असेल तर संध्याकाळी परत फिरू नका. हॉल ऑफ सायन्सच्या मागच्या आवारात क्वीन्स नाइट मार्केट भरतं, टेनिसच्या दिवसांत तेवढं बंद. पदार्थांचे दर मुद्दाम कमी बांधून दिलेले असतात, म्हणजे चार देशांचं चाखता यावं. शाकाहारी असाल तर प्रत्येक गाड्यावर विचारूनच घ्या. ‘व्हेजिटेबल’ म्हणून दिलेल्या सूपमध्ये माशाचा सॉस असू शकतो. रांगा लांब लागतात, तेव्हा घरातल्या एकाने रांगेत आणि एकाने मुलांपाशी, अशी वाटणी करा.

प्रश्न : मी महाविद्यालयात टेनिस खेळतो. यंदा काकांकडे येणार आहे. यूएस ओपनची तिकिटं परवडणारी नाहीत. बाहेरून तरी बघता येईल का? आणि भारत-पाक ट्वेंटी-ट्वेंटी सामना झाला ते मैदान हेच का? (कोल्हापूर)

मैदानाचं आधी : नाही. तो ९ जून २०२४चा सामना, भारत ११९वर बाद आणि तरी ६ धावांनी जिंकला तो, आयझनहावर पार्कात झाला. ते शहराच्या हद्दीबाहेर, नासाऊ काउंटीत. तात्पुरत्या गॅलऱ्या तिथले सामने संपल्यावर उतरवल्या. ते गाव ईस्ट मेडो आणि आपलं हे फ्लशिंग मेडोज, म्हणून घोळ होतो.

टेनिसचं म्हणाल तर बाहेरून कशाला, आतच जा. मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पात्रता फेरी असते आणि तिला प्रवेश फुकट असतो. जगात शे-दीडशेव्या क्रमांकावरचे खेळाडू मुख्य ड्रॉत शिरण्यासाठी जिवाच्या आकांताने खेळतात. तू कुंपणाला नाक लावून उभा राहू शकतोस. सर्व्हिस परतवताना पाय कुठे असतात, चेंडू टप्पा घेतल्यावर किती वर उसळतो, हे टीव्हीवर कळत नाही, तिथे कळतं. एकेका पॉइंटनंतर खेळाडू स्वतःशी काय पुटपुटतो तेही ऐकू येतं. शेजारच्या सराव कोर्टांवर मोठी नावंही दिसतात. मी स्वतः फारशी टेनिसवेडी नाही, तरी हा आठवडा चुकवत नाही. पाठीवरची सॅक आत सोडत नाहीत, ती काकांकडेच ठेव.

पैसे खर्चायचेच असतील तर पहिल्या काही दिवसांतला ग्राउंड्स पास काढ. आर्थर ॲश सोडून बाकी बहुतेक कोर्टांवर हिंडता येतं. आर्थर ॲश स्टेडियमात २३,७७१ खुर्च्या आहेत. तिथल्या वरच्या रांगेत बसून खेळाडू मुंगीएवढे दिसतात, आणि त्यासाठी एवढे पैसे मोजणं मला तरी पटत नाही. लुई आर्मस्ट्राँग स्टेडियमचं नाव ज्या जॅझवादकावरून ठेवलं, त्याचं घर इथे जवळच कोरोना वस्तीत आहे. १९४३पासून १९७१मध्ये जाईपर्यंत तो तिथे राहिला. आता ते संग्रहालय आहे, वेळ काढून जाऊन ये.

सानिया मिर्झाने, जिचा जन्म मुंबईचा, २०१४मध्ये मिश्र दुहेरी आणि २०१५मध्ये महिला दुहेरी इथेच जिंकली. लिअँडर पेसने पुरुष दुहेरी तीनदा : २००६, २००९, २०१३. त्याच गावात तुलाही खेळता येईल, थट्टा नाही करत. स्पर्धेचा काळ सोडला तर हे टेनिस सेंटर सार्वजनिक आहे. सभासद असण्याची गरज नाही, तासाचं भाडं भरून कोर्ट मिळतं. रॅकेट घेऊन ये.

रविवार मोकळा असेल तर बाकीची मैदानंही बघ. दक्षिणेकडे क्रिकेट चालू असतं. फुटबॉल तर सगळीकडे, लॅटिन अमेरिकन मंडळींच्या लीगच्या लीग. पण तुला मी झाडांखाली पाठवीन, जिथे इक्वेडोरची माणसं त्यांच्या पद्धतीचा व्हॉलीबॉल खेळतात. एका बाजूला तिघेच. जाळी आपल्यापेक्षा बरीच उंच, चेंडू फुटबॉलचा. पोट सुटलेले पन्नाशीचे गृहस्थ एका जागी उभे असल्यासारखे वाटतात आणि तळहातावर चेंडू क्षणभर थांबवून असा काही जाळीपलीकडच्या कोपऱ्यात ठेवतात, की विशीतला पोरगा धावत राहतो. कडेला पैजा, शिट्ट्या, तिखट-लिंबू लावलेला आंबा विकणाऱ्या बाया. आंबा घे. आपल्या कैरीला तिखट-मीठ लावतो तसाच, फक्त पिकलेला.

प्रश्न : मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे. फोटोत त्या बागेत बशांसारखे गंजके मनोरे दिसतात. इतक्या श्रीमंत शहरात हे अवशेष पाडत किंवा दुरुस्त का करत नाहीत? (पुणे)

उत्तर थोडं मागून सुरू करावं लागेल. ही जागा मुळात खाडीकाठची दलदल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनच्या भट्ट्यांमधली कोळशाची राख रेल्वेने आणून इथे ओतत. तिचे डोंगर झाले. उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेसने १९३९च्या जागतिक प्रदर्शनाचं निमित्त करून ती राख सपाट केली. देवनारच्या कचराडेपोवर जागतिक जत्रा भरवावी, तसा तो प्रकार. प्रदर्शनातून नफा होईल आणि त्यातून कायमची बाग उभी राहील असा त्याचा हिशेब. नफा झाला नाही. १९६४-६५मध्ये पुन्हा प्रदर्शन, पुन्हा तोटा. बाग मिळाली, पण अर्धवट. रस्ते प्रदर्शनाच्या आखणीचे, मधे हायवे, खाली राख आणि दलदल. म्हणून जोराचा पाऊस झाला की आजही कित्येक हिरवळींवर तळी साचतात. इथल्या फ्लशिंग नदीचा मोठा भाग तर पाइपात कोंडलेला आहे. तू जाशील तेव्हा बूट चांगले घाल.

तुझे मनोरे म्हणजे न्यूयॉर्क स्टेट पॅव्हिलियन, फिलिप जॉन्सनची रचना, १९६४. सर्वांत उंच मनोरा २२६ फुटांचा. शेजारचा गोल सांगाडा ‘टेंट ऑफ टुमॉरो’ : काँक्रीटचे १६ खांब, वर तारांनी ताणलेलं रंगीत छत, खाली टेराझोच्या फरशीवर न्यूयॉर्क राज्याच्या रस्त्यांचा प्रचंड नकाशा. दोन उन्हाळे टिकलं की झालं, अशाच बेताने हे उभं केलं होतं. नंतर तिथे रोलर स्केटिंग चालायचं. छताचे पत्रे धोकादायक झाले म्हणून काढले, मग पाऊस थेट नकाशावर पडू लागला आणि फरशी उखडली. पाडायलाही पैसे लागतात, राखायलाही. कितीतरी वर्षं शहराने दोन्ही केलं नाही. २००९मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत नाव आलं. स्वयंसेवकांनी शिड्या लावून खालचं कडं पिवळं रंगवलं आणि हळूहळू सरकारी दुरुस्तीही सुरू झाली. शेजारचं जॉन्सनचंच छोटं गोल थिएटर मात्र वाचलं. आज ते क्वीन्स थिएटर आहे, तिथे नाटकं, नाच चालतात.

माझं मत विचारशील तर, पुन्हा चकाचक करू नये. पडझड थांबवावी आणि आत फिरू द्यावं, एवढंच. खांबांच्या मधोमध उभं राहून वर बघितलं की छत नसलेलं ते वर्तुळ जास्त मोठं वाटतं. एरवी कुंपण असतं, पण शहरातल्या इमारती लोकांना खुल्या करण्याचे खास दिवस असतात, तेव्हाची नोंदणी शोध. तू स्केचवही आणणारच. जवळच एक रोमन खांबही आहे, जेराशचा, जॉर्डनच्या राजाने १९६४मध्ये भेट दिलेला. जवळपास दोन हजार वर्षांचा तो खांब धडधाकट आणि साठीतलं काँक्रीट मोडकळीला, हे एकाच पानावर काढता येईल.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूणही खात नाही. दिवसभर तिथे खायचं काय? (सांगली)

तुमच्याजोगं बागेत काही नाही. दशम्या, चटणी बरोबर ठेवा, म्युझियमबाहेरच्या झाडाखाली बसून खा, कोणी हटकत नाही. चार वाजता ७ नंबरने शेवटचं स्टेशन, फ्लशिंग मेन स्ट्रीट, आणि तिथून टॅक्सीने किंवा वीस-पंचवीस मिनिटं चालत बाऊन स्ट्रीटवरच्या गणपतीला जा. १९७७मध्ये प्रतिष्ठा झालेलं हे देऊळ दाक्षिणात्य थाटाचं आहे. आपल्या आरत्यांची अपेक्षा नको, पण गाभाऱ्यासमोर बसून अथर्वशीर्ष म्हणायला कोणाची ना नाही. गणेशोत्सवात येणार असाल तर रथाची मिरवणूक फ्लशिंगच्या रस्त्यांवरून निघते, ती तारीख आधी विचारून घ्या. तळघरात कँटीन आहे : डोसे, इडली, वडे, दहीभात. कांद्याशिवाय काय मिळेल ते काउंटरवरच विचारा, सांगतात. सांबाराची खात्री नसेल तर दहीभात घ्या. शनिवार-रविवारी गर्दी फार. आधी दर्शन आणि मग कँटीन म्हणून गेलात तर टेबल मिळत नाही. तुमच्यापैकी एकाने सरळ खाली जाऊन जागा धरावी, देव रागावत नाही.